संत स्तेफनच्या दिवशीची चूल

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला देवळात किती माणसे असतात हे प्रत्येक धर्मगुरूस ठाऊक असते; मात्र त्याविषयी तो फारसे बोलत नाही. दोनच रात्रींपूर्वी ज्या देवळात उभे राहावयास जागा नव्हती, बाहेर मंडप घालून खुर्च्या मांडाव्या लागल्या होत्या, तेथे २६ डिसेंबरच्या सकाळी पंधरा-वीस वृद्ध स्त्रिया आणि दोन-चार पुरुष एवढीच मंडळी दिसते. बाकीचा गाव निजलेला असतो, आणि जो निजलेला नसतो तो स्वयंपाकघरात असतो. मिस्सा आटोपून आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा ओसरीवर पाऊल ठेवताच आतून एकच हाक येते: "फादर, थोडं घेऊनच जा, किती उरलंय बघा!"

या दिवशी ख्रिस्तसभा ज्या संताचा सण पाळते, त्याचे पहिले काम कोणते होते हे आपण सहसा विसरतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ते आले आहे. यरुशलेममधील ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपावरून कुरबुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांच्या वाट्यास काही येत नाही, अशी ती तक्रार होती. तेव्हा पंगतीची व्यवस्था पाहण्यासाठी सात पुरुष निवडले गेले आणि त्या यादीत पहिले नाव स्तेफनचे आहे. म्हणजे पहिला रक्तसाक्षी होण्यापूर्वी हा पुरुष वाढप्यांवर देखरेख करीत होता. २६ डिसेंबरला त्याचा सण पाळण्याची प्रथा चौथ्या शतकाइतकी जुनी आहे. ती घालून देणाऱ्यांच्या मनात उरलेल्या रश्श्याचा विचार होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु वर्षातील ज्या दिवशी ख्रिस्ती घरांत सर्वाधिक अन्न उरलेले असते, नेमक्या त्याच दिवशी अन्नवाटपाचा संत समोर उभा राहतो, ही गोष्ट आम्हास गेली अनेक वर्षे स्वस्थ बसू देत नाही. उरलेल्या अन्नाचे आपल्या लोकांनी आजवर काय केले, याचा मागोवा घ्यावा असे त्यातूनच मनात आले.

प्रथम शब्दांविषयी थोडे. मराठीत या अन्नाला तीन शब्द आहेत आणि तिघांचा अर्थ निराळा आहे. 'उरलेले' म्हणजे गरजेहून अधिक झालेले; त्यात दोष कोणताच नाही. 'शिळे' म्हणजे ज्यावरून रात्र गेली ते. हा काळाचा दोष. 'उष्टे' म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले, दुसऱ्याच्या हातातोंडाचे. आणि हा दोष अन्नाचा नसून माणसामाणसांतील नात्याचा आहे. पोर्तुगीज वा इंग्रजी भाषेत या तिसऱ्या शब्दाला तोलामोलाचा प्रतिशब्द आम्हास आढळला नाही. तो केवळ आपल्याकडेच का, याकडे पुढे वळावेच लागेल.

शास्त्रातील सर्वांत जुने नियम उरवू नये असेच सांगतात. वल्हांडणाच्या कोकराचे मांस सकाळपर्यंत ठेवावयाचे नाही. राहिलेच तर अग्नीत जाळावयाचे. आभाराच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावयाचे. नवसाच्या अर्पणाचे दुसऱ्या दिवशीही चाले. तिसऱ्या दिवशी मात्र ते निषिद्ध. उष्ण प्रदेशात, बर्फ नसलेल्या काळात, हा नियम आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता. पण त्याचा दुसरा परिणाम अधिक मोलाचा आहे. आख्खा पशू एका दिवसात एका घराला संपणार कसा? शेजाऱ्यांना बोलावणे भागच पडते. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात तर स्पष्टच सांगितले आहे, की घर लहान असेल तर जवळच्या शेजाऱ्याला सामील करून घ्यावे आणि माणसे मोजून कोकरू घ्यावे. रानातल्या मान्नाचीही तीच कथा. उद्यासाठी लपवून ठेवलेल्या मान्नात किडे पडले. शब्बाथासाठी आदल्या दिवशी राखून ठेवलेला मान्ना मात्र चांगला राहिला. साठविणे आणि दडविणे यांतला भेद इतक्या थोड्या शब्दांत अन्यत्र कोणी सांगितला असेल असे वाटत नाही.

बारा टोपल्यांची गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ असते. पण चारही शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली असता एक बारकावा दिसतो. तुकडे गोळा केल्याचे चौघेही सांगतात. काहीही वाया जाऊ नये म्हणून ते गोळा करा, अशी आज्ञा स्वतः प्रभूने दिल्याचे केवळ योहान सांगतो. ज्याने नुकतीच पाच भाकरींत पाच हजारांची भूक भागविली, त्याला तुकड्यांची फिकीर का असावी? मार्काने चार हजारांच्या जेवणानंतरच्या सात टोपल्यांसाठी निराळा ग्रीक शब्द योजला आहे. ती टोपली मोठी, माणूस मावेल एवढी असे. बारा टोपल्या मात्र लहान, खांद्याला अडकवून नेण्याच्या, प्रवासातल्या शिदोरीच्या होत्या. त्या तुकड्यांचे पुढे काय झाले हे शुभवर्तमानकार सांगत नाहीत. आमच्या मते ते दुसऱ्या दिवशी वाटेत खाल्ले गेले असावेत. पण हा आमचा तर्क आहे, त्याला धर्मसिद्धान्त समजू नये.

मठांच्या काळात या गोष्टीला शिस्त आली. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत प्रत्येक मठवासीयाला दिवसाला एक पौंड भाकरी ठरवून दिली आहे, आणि ज्या दिवशी रात्रीचेही जेवण असेल त्या दिवशी कोठारप्रमुखाने त्यातील एक तृतीयांश भाग आधीच काढून ठेवावा असे म्हटले आहे. 'आधीच' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे मोठमोठ्या मठांत दानधर्माचे काम पाहणारा एक स्वतंत्र अधिकारी असे आणि भोजनगृहात उरलेले अन्न तो दाराशी आलेल्या गरिबांस वाटी. क्लुनी येथे एखादा बंधू निवर्तला की त्याचा शिधा तीस दिवसपर्यंत एखाद्या गरिबास दिला जाई. सरदारांच्या वाड्यांत शिळ्या भाकरीच्या जाड चकत्याच ताटे म्हणून वापरीत. रस्सा पिऊन मऊ झालेल्या त्या चकत्या जेवणानंतर टोपलीत गोळा करून दाराबाहेरच्या भिकाऱ्यांस देत. युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकांत हे कौतुकाने सांगितलेले असते. आम्ही सेमिनरीत असताना तेवढ्याच कौतुकाने ते वाचले होते.

प्रायश्चित्तकाळाचाही या इतिहासात मोठा वाटा आहे. जुन्या नियमांनुसार चाळीस दिवस मांसच नव्हे, तर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे. मग राखेच्या बुधवारापूर्वी घरात असलेले लोणी आणि अंडी संपवावी लागत. इंग्लंडात त्यांची धिरडी होत. कोंबड्यांना मात्र उपवासाची वर्दी कोणी देत नसे. चाळीस दिवस त्या अंडी देतच राहत आणि ईस्टरला घरोघरी अंड्यांचा ढीग लागे. ईस्टरच्या रंगीत अंड्यांमागे पुनरुत्थानाचे प्रतीक आहे हे खरेच. पण त्यामागे हा ढीगही आहे.

आता पोर्तुगालकडे वळू, कारण आपल्या सणाच्या ताटाचा एक पाय तेथे आहे. तेथे नाताळाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला 'कोन्सोआदा' म्हणतात. तो दिवस पूर्वी उपवासाचा असल्याने त्या जेवणात मांस नसे. खारवलेला कॉड मासा, बटाटे आणि कोबीची पाने उकडून वर ऑलिव्हचे तेल, हा त्यातला मुख्य पदार्थ. उत्तर पोर्तुगालमध्ये काही ठिकाणी जेवणानंतर मेज आवरीत नसत. घरातले मृतात्मे रात्री येऊन जेवतील या श्रद्धेने अन्न तसेच ठेवीत. २५ तारखेला दुपारी त्याच उरलेल्या माशाचे आणि बटाट्यांचे तुकडे करून भरपूर लसणीवर तेलात परतीत. या पदार्थाचे नाव आहे 'रौपा व्हेल्या', म्हणजे जुने कपडे! गंमत अशी, की हा पदार्थ लोकांना इतका आवडू लागला, की तो उरावा म्हणून आदल्या रात्री मुद्दाम अधिक शिजवू लागले. नाताळातला दुसरा प्रकार 'राबानादा'. शिळ्या पावाचे काप दुधात अथवा गोड द्राक्षरसात भिजवून, अंड्यात घोळवून तळावयाचे आणि वर साखर व दालचिनी भुरभुरावयाची. फ्रान्समध्ये अशाच पदार्थाला 'हरवलेला पाव' म्हणतात. टाकाऊ म्हणून जो हरवला होता तो सापडला, असा अर्थ आम्ही मनाशी लावतो.

मदेइरा बेटावरचा नाताळ मात्र आपणास थेट घरी आणून सोडतो. नाताळाच्या सुमारास तेथे डुक्कर कापीत. एका घराला एका दिवसात न संपणारे मांस द्राक्षमद्यात किंवा त्याच्या शिरक्यात, लसूण आणि तमालपत्र घालून दोन-तीन दिवस मुरवीत आणि मग तळीत. त्याचे नाव 'कार्न द व्हिन्या द आल्योश'. 'व्हिन्यु' म्हणजे द्राक्षमद्य, 'आल्यु' म्हणजे लसूण. लांबच्या जलप्रवासात मांस टिकविण्यास हीच रीत उपयोगी पडे. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, १५३४ साली वसई त्यांना मिळाली, आणि हे नाव आपल्या किनाऱ्यावर उतरून गोव्यात 'विंदालू' व आपल्या उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत 'इंद्याल' झाले. शहरांतील काही हॉटेलांत विंदालूमध्ये बटाटे घालतात, कारण नावात 'आलू' आहे! लसणीचा असा बटाटा झालेला पाहून आमची करमणूक होते. मातोश्री असत्या तर संतापल्या असत्या.

पण नाव आले तसा पदार्थ आला नाही. येथे द्राक्षे नव्हती. माड आणि ताड होते. ताजी नीरा काही तासांतच आंबू लागते आणि तिची माडी होते. ती आणखी काही आठवडे हवेत राहिली, की तिच्यातील मद्याचे आम्ल होऊन शिरका तयार होतो. म्हणजे येथील शिरका हासुद्धा एका अर्थी वेळेत न संपलेल्या माडीचाच. त्यात अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आलेली लाल मिरची आणि इथलीच मिरी, दालचिनी, जिरे वाटली गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. इंद्यालाचे मडके मात्र राहिले. ज्यांची सत्ता दोनशे वर्षांत संपली त्यांच्या शिरक्याने आणखी पावणेतीनशे वर्षे काढली आहेत.

सोरपोतेलचे कुळ याहूनही साधे आहे. पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतात आणि पुढे ब्राझीलमध्येही तो 'सारापातेल' या नावाने ओळखला जातो. डुक्कर कापल्यावर चांगले चांगले तुकडे एकीकडे गेले, की मागे राहते ते काळीज, हृदय, रक्त आणि चरबीचे बारीकसारीक भाग. ते उकडून, त्यांचे बारीक चौकोनी तुकडे करून, परतून, वाटलेल्या मसाल्यात आणि शिरक्यात शिजविले, की तो सणाचा राजा होतो. आज अनेक घरांत रक्त घालीत नाहीत. लग्नाच्या पंगतीत पाहुणे ज्याची वाट पाहत बसतात तो पदार्थ मुळात कापणीतल्या उरल्यासुरल्याचा आहे, हे नवरदेवाच्या बापाला सांगितले तर त्याला ते रुचणार नाही.

गोव्याच्या बेबिंकाविषयीही येथे एक वाक्य लिहितो. पोर्तुगालच्या मठांत धर्मभगिनींची वस्त्रे कडक करण्यासाठी अंड्यातले पांढरे वापरीत आणि उरलेल्या बलकांतून मठांतील प्रसिद्ध गोड पदार्थ जन्मले, असे सांगतात. जुन्या गोव्यात आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ साली स्थापिलेल्या सांता मोनिका मठातील एका भगिनीने बेबिंका प्रथम केला, ही कथा त्याच धाग्यातली. कथा गोड आहे; इतिहास म्हणून ती मांडण्यास आम्ही धजत नाही.

आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, आमच्या घरी फ्रीज नव्हता. नाताळाच्या दोन दिवस आधी मातोश्री इंद्याल करीत आणि तो नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरे. त्यासाठी त्यांचे कायदे होते. भांडे मातीचेच, तांब्यापितळेच्या भांड्याला शिरक्याचा स्पर्शही होऊ द्यावयाचा नाही. मसाला शिरक्यातच वाटावयाचा, पाण्याचा थेंब नाही. वर तेलाचा बोटभर तवंग राहिला पाहिजे. डाव लाकडी आणि कोरडा. सकाळ-संध्याकाळ मडके चुलीवर चढवून खळखळून उकळी आणावयाची, आणि जेवढे खावयाचे तेवढे आधी निराळे काढून मगच बाकीचे झाकावयाचे. ताटात वाढलेले परत मडक्यात टाकल्याबद्दल आमच्या थोरल्या बंधूंनी एकदा असा मार खाल्ला, की पुढे त्यांना ते मडके दुरूनच ओळखू येई. रात्री पाव आणि फुगे शिंक्यावर, दूधदुभते जाळीच्या कपाटात, आणि मुंग्यांसाठी कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.

या सर्वांमागचे शास्त्र आम्हास फार उशिरा कळले. शिरक्याचे आम्ल, मीठ आणि लसूण यांत बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत. तवंगामुळे हवा आत जात नाही. दोन वेळच्या उकळीने जे वाढू पाहतात ते मरतात. आम्ल नसलेल्या पदार्थांना मात्र हे संरक्षण नाही, आणि मातोश्रींना तेही ठाऊक होते. नारळाच्या दुधाचा रस्सा त्या त्याच रात्री संपवीत. संपेना तर शेजारी पाठवीत. भाताच्या बाबतीत तर त्या अत्यंत कडक होत्या. त्यांचे म्हणणे आजचे तज्ज्ञही खरे मानतात: भातातील एका जिवाणूची बीजे शिजवूनही मरत नाहीत, भात उबदार जागी पडून राहिला तर ती वाढून विष तयार करतात, आणि ते विष नंतर गरम केल्याने जात नाही. तेव्हा उरलेला भात पसरट ताटात पसरून लवकर निववावा, आणि फ्रीज असेल तर तासाभरात आत ठेवावा, हे उत्तम. दुसऱ्या दिवशी त्याला कांद्याची फोडणी मिळाली, की सणाचे जड जेवण खाऊन कंटाळलेली मुले त्यावर तुटून पडत.

गोव्यात या कलेला 'कालची कोडी' असे मानाचे नाव आहे. आदल्या दिवशीची माशांची आमटी मातीच्या भांड्यात मंद विस्तवावर आटवीत नेतात. ती दाट होऊन भांड्याला चिकटू लागली, की सकाळी पोईबरोबर खातात. ज्या आमटीत आदल्या दिवशी घरातल्यांनी खोड्या काढल्या, तिचे हे रूप परदेशी गेलेल्या गोमंतकीयांना विलायतेतही आठवते. त्यात घातलेल्या सोलांचे आम्ल येथे शिरक्याचेच काम करते. मडगावला मे महिन्याच्या सुमारास भरणारे पुरुमेंताचे फेस्त आणि आमच्या वसईची सुकेळी हीसुद्धा त्याच विचाराची भावंडे. पण ती अतिरिक्त पिकाची साठवण आहे, तो निराळा विषय होईल.

आता त्या तिसऱ्या शब्दाकडे येणे भाग आहे.

गुरुदीक्षा होऊन आम्हास जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि आमची नेमणूक घाटावरच्या एका लहान मिशनकेंद्रात होती. आश्रयदात्या संताच्या सणाचे जेवण झाले. बाहेरगावचे पाहुणे, देणगीदार आणि शेजारच्या केंद्रांतील धर्मगुरू जेवून गेले, आणि मागे दोन मोठी पातेली मटण व भात उरला. मठांच्या दाराशी होणाऱ्या अन्नवाटपाचे सेमिनरीतले वर्णन आमच्या डोक्यात ताजे होते. आम्ही पातेली गाडीत घालून संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पाठविली. ती वस्ती आमच्याच धर्मग्रामस्थांची होती. पातेली जशीच्या तशी परत आली. बरोबर आमचे म्हातारे धर्मशिक्षक आले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "फादर, दुपारी पंगतीला बोलावलं असतंत तर सगळी आलो असतो."

आम्ही गप्प राहिलो. मग ते पायरीवर बसले आणि त्यांनी आपल्या आजीविषयी सांगितले. गावकीची कामे करून संध्याकाळी घरोघर भाकरीचे तुकडे मागण्याचा 'हक्क' त्यांच्या घराला होता. हक्क हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की तो आजही कानात आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि असले तुकडे सोडा, असे कळकळीने सांगितले. ते बोल गावोगाव पोहोचले, आणि त्यांच्या घराला ते पोहोचल्या दिवसापासून आजीने टोपली हाती धरली नाही. काही दिवस घरात चूल पेटली नाही, तरीही धरली नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले होते आणि आम्ही ते वाचलेही होते. पण पुस्तकात वाचलेली गोष्ट पातेल्यात भरून पाठवताना आठवली नाही.

त्या रात्री आम्ही लूकच्या शुभवर्तमानातील लाजराची कथा पुन्हा वाचली. आजवर आम्ही तिच्यावर प्रवचन देत आलो होतो, की श्रीमंताने लाजराला मेजावरून पडलेले तुकडे तरी द्यावयास हवे होते. प्रभूने असे कोठेही म्हटलेले नाही. तुकड्यांची इच्छा लाजराची आहे. आणि पुढे तो जेथे पोहोचतो ती जागा आब्राहामाच्या उराशी आहे. त्या काळी मेजवानीला लवंडून बसत, आणि यजमानाच्या उराशी बसणे म्हणजे पंगतीतले मानाचे स्थान. बारा टोपल्यांकडेही आम्ही मग नव्याने पाहिले. ते तुकडे गोळा झाले ते सर्वजण गवतावर एका पंगतीत बसून तृप्त झाल्यावर. तेथे कोणी दाराबाहेर थांबलेला नव्हता. बेनेडिक्टचा तो 'आधीच' शब्दही तेव्हाच उमगला. वाढण्यापूर्वी काढून ठेवलेला वाटा हे दान असेल वा शेजारधर्म असेल. जेवून उरल्यावर पाठविलेले तेच अन्न, तितकेच रुचकर असूनही, आपल्या देशात 'उष्टे' ठरू शकते. घराघरांत कटोरी पाठविण्याची आपली जुनी रीत यामुळेच टिकली असावी. मातोश्री इंद्यालाची पहिली वाटी शेजारी पाठवीत ती आमची पाने वाढण्यापूर्वी. आणि शेजारची भाऊबीजेची किंवा ईदची वाटी आली, की ती रिकामी परत जात नसे. निदान चार सुकेळी, दोन अंडी, काहीतरी तिच्यात पडेच.

गोदरेजने १९५८ साली फ्रीज बनविण्यास सुरुवात केली. आमच्या घरी तो यावयास १९८७ साल उजाडले. त्याने बायकांचे कष्ट वाचविले, हे निर्विवाद. मात्र 'आजच कोणाला तरी दिले पाहिजे' ही निकड त्याने नाहीशी केली. पूर्वी रस्सा संध्याकाळपर्यंत शेजारी जाई. आता तो डब्यात जातो, डबा मागे सरकतो आणि प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास नाक दाबून रिकामा केला जातो. फ्रीज अन्न टिकवितो, अमर करीत नाही. शिजलेले मांस किंवा रस्सा तीन-चार दिवसांत संपवावा. अधिक ठेवावयाचे तर पहिल्याच दिवशी लहान डब्यांत विभागून गोठवावे. आणि पुन्हा गरम करावयाचे ते खावयाचे तेवढेच, वाफ निघेपर्यंत. मोठे पातेले आतून निवण्यास रात्र लागते, म्हणून ते तसेच आत ढकलू नये. भाजलेल्या मांसाच्या उरलेल्या कापांना शिरका आणि वाटलेली मिरची लावून ती परतली, की ती दुसऱ्या दिवशी पावात उत्तम लागतात. वाळलेल्या केकचे काप दुधाअंड्यात भिजवून भाजले, की मुलांना ते कालचे आहेत हे ओळखता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजीच्या भाषणात, टाकलेले अन्न म्हणजे गरिबाच्या मेजावरून चोरलेले अन्न होय, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यावर आमच्या धर्मग्रामातील एका तरुण गृहिणीने विचारले, "फादर, मग मी उरलेलं देऊ की नको देऊ?" आम्ही तिला त्या धर्मशिक्षकांची गोष्ट सांगितली. तिचे समाधान झाले की नाही, हे आम्हास सांगता येणार नाही, ती म्हणाली, "म्हणजे आधी मोजून करायला शिकायचं तर." हे मात्र मोझेसचेच बोलणे झाले.

गेल्या वर्षी संत स्तेफनच्या मिस्सानंतर, त्या पंधरा-वीस जणींपैकी एक आजीबाई मागे थांबल्या. त्यांच्या हाती ओंजळीएवढे मडके होते. तोंडाला केळीचे पान बांधलेले. आम्ही सवयीने विचारले, "काल फार उरलं वाटतं?" त्यांनी मान हलविली. "उरलं नाही, फादर. नाताळाच्या आधीच काढून ठेवलं होतं तुमच्या नावानं. काल दिलं नाही, कारण चव आज आली."

चव खरोखरच आली होती. मडके अजून आमच्या खिडकीत आहे. ते परत करताना त्यात काय घालावे, हे काही केल्या सुचत नाही.